शिक्का कोणाच्या रक्षणासाठी मारला?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची ओळख पटेल असा तपशील गाळून ते येथे थोडक्यात देत आहे.

“मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी राज्य शासनाच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. नोकरीला २२ वर्षे झाली. मार्चमध्ये आमच्याकडे नदीवरच्या एका जुन्या पुलाचा तपासणी अहवाल आला. दोन खांबांच्या पायाखालचा भराव वाहून गेला असून अवजड वाहने तातडीने थांबवावीत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. साहेबांनी त्याच्या पहिल्या पानावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारायला सांगितले आणि तो मीच मारला. तेव्हापासून फाइल त्यांच्या कपाटात आहे आणि पुलावरून खडीचे डंपर व एस.टी. गाड्या रोज जात आहेत. मी अहवालाच्या चार पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले आहेत. माझा मामेभाऊ एका दैनिकाचा वार्ताहर आहे. यजमान म्हणतात, गुपिताच्या कायद्यात अडकशील, पेन्शन जाईल. मुलगी म्हणते, अमेरिकेतल्या स्नोडेनने अख्ख्या देशाचे गुपित फोडले आणि तू एका पुलाचे फोडायला घाबरतेस. सरकारी गुपित राखणे हे माझे कर्तव्य असेल, तर मग मला झोप का येत नाही?”

सप्रेम नमस्कार.

सल्ला नंतर, आधी आज रात्रीच एक काम करा. ते फोटो कोणालाही पाठवू नका, मामेभावाला नको, मुलीला नको आणि मलाही नको. आजकाल फोनमधले फोटो आपोआप इंटरनेटवरच्या साठ्यात चढतात आणि घरातला दुसरा फोन किंवा टॅब त्याच खात्यावर चालत असेल, तर तेथेही उमटतात. ती सोय बंद करा. त्या फोटोंचे पुढे काय करायचे, हे एखाद्या जाणत्या वकिलाला विचारूनच ठरवा. मी वकील नाही. सरकारी कार्यालयात २९ वर्षे काढलेला, टिपण्या लिहून लिहून बोटाला घट्टे पडलेला माणूस आहे, आणि त्याच अनुभवावरून पुढचे लिहितो आहे.

तुमच्या यजमानांची भीती पोकळ नाही. शासकीय गुपिते अधिनियम हा १९२३ चा कायदा आजही लागू आहे. सरकारी नोकरीमुळे हाती आलेली गुप्त माहिती अनधिकृत माणसाला देणे हा त्याच्या पाचव्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि ती गुप्त असल्याचे ठाऊक असताना स्वेच्छेने घेणाराही त्याच कलमात सापडतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे तुम्ही फोटो पाठवलात, तर मामेभावालाही त्यात ओढलेत. गंमत अशी, की ‘गुपित’ म्हणजे काय याची व्याख्याच या कायद्यात नाही, आणि ही पोकळी किती महागात पडू शकते हे २००२ मध्ये दिल्लीतले पत्रकार इफ्तिखार गिलानी यांनी अनुभवले. त्यांच्या संगणकात सापडलेली काश्मीरमधल्या सैन्यबळाविषयीची माहिती पाकिस्तानातल्या एका संस्थेने आधीच छापून प्रसिद्ध केलेली होती. तरी ते सुमारे सात महिने तुरुंगात राहिले आणि जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतल्यावरच सुटले. उलट बाजूलाही एक निकाल आहे: मंत्रिमंडळाच्या एका टिपणीवरून बातमी दिलेल्या पत्रकाराला दिल्लीच्या न्यायालयाने २००९ मध्ये आरोपमुक्त केले आणि कागदावर नुसते ‘गुप्त’ लिहिल्याने तो या कायद्याखाली येत नाही, असे म्हटले. पण तो निकाल मिळेपर्यंत सुमारे दहा वर्षे गेली होती. तुमच्यासारख्या कर्मचाऱ्याला तर हा कायदा लागण्याआधीच वर्तणूक नियम लागतात. निलंबन आणि विभागीय चौकशी यांना न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही.

हे सगळे सांगितले ते तुम्हाला घाबरवण्यासाठी नव्हे. तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे आणि त्याचे उत्तर कायद्याच्या कलमात सापडणार नाही.

कागदाला गुपित बनवण्याची ही सवय आपल्याला कोठून लागली? इंग्रजांनी १८८९ मध्ये या विषयावर पहिला कायदा केला, आणि लॉर्ड कर्झनच्या सरकारने १९०४ मध्ये त्यात अशी दुरुस्ती केली, की मुलकी कारभारातली माहितीही लष्करी आणि आरमारी गुपितांच्या पंक्तीला जाऊन बसली. मुंबई प्रांतातर्फे कायदेमंडळात बसणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तिला कडाडून विरोध केला होता. त्यांची तक्रार साधी होती: शत्रूला नकाशा विकणारा आणि सरकारचा एखादा गैरकारभार छापणारा संपादक या दोघांना एकाच तराजूत घालू नका. तरीही दुरुस्ती झाली. साहेब गेले, पण कपाट आणि किल्ली जागच्या जागी राहिली. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा कायदाच रद्द करून खऱ्या हेरगिरीविषयीच्या तरतुदी राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यात घ्याव्यात, अशी शिफारस केली होती. ती शिफारसही बहुधा कोणाच्या तरी कपाटातच असावी.

आता दुसरी बाजू, कारण काही गुपिते राखलीच पाहिजेत, आणि मुंबईने ते फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊस येथे कारवाई चालू असताना वाहिन्या ती थेट दाखवत होत्या, आणि हल्लेखोरांचे पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ती दृश्ये पाहून फोनवरून आपल्या माणसांना सूचना देत होते. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो आपल्यापैकी अनेकांनी घरी बसून पाहिले. तेव्हा आपल्याला वाटले, आपण बातम्या पाहतो आहोत. कसाबच्या अपिलावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. जवान कोठे उभा आहे, ही माहिती त्या घटकेला गुपितच होती; ती फुटण्याने जाणारा जीव कोणाचा, हे बोट ठेवून दाखवता येत होते. ‘लोकांना जाणून घेण्याचा हक्क आहे’ या वाक्याने तो प्रश्न सुटत नाही.

पण त्याच हल्ल्याशी जोडलेला दुसरा कागद पाहा. पोलीस यंत्रणेने हल्ला कसा हाताळला हे तपासण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि निवृत्त गुप्तचर अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. तिचा अहवाल एप्रिल २००९ मध्ये सरकारला मिळाला. तो संपूर्ण मांडण्याची मागणी झाली, तेव्हा संवेदनशील मजकुराचे कारण पुढे आले. पुढे त्यातला मजकूर बाहेर फुटला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तो सभागृहापुढे ठेवावा लागला. आलेल्या सूचनांवर नीट काम झाले नाही, ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, अशा त्रुटी त्यात नोंदवलेल्या होत्या. तो प्रसिद्ध झाल्याने कोणत्या शत्रूला नवे काय कळले? त्रुटी होत्या हे शत्रूला हल्ल्याच्या रात्रीच कळले होते. कळायचे राहिले होते ते ज्यांची माणसे गेली त्यांना.

एकाच घटनेतल्या या दोन माहित्या शेजारी ठेवल्या, की मला जे म्हणायचे आहे ते दिसते. शिक्का दोन्हींवर तोच असू शकतो. पहिली उघड झाली तर नुकसान जवानांचे आणि ओलिसांचे. दुसरी उघड झाली तर अडचण खुर्चीवर बसलेल्यांची. पहिलीचे गुपित कारवाई संपताच संपते. दुसरीचे गुपित मात्र वर्षानुवर्षे टिकावे, अशीच ते राखणाऱ्यांची इच्छा असते. तुम्ही ज्या अहवालावर शिक्का मारलात, तो यातल्या कोणत्या प्रकारात बसतो, हे मी सांगायची गरज नाही. तुमच्या झोपेने ते केव्हाच ओळखले आहे.

तरीही तुमच्या साहेबांना खलनायक ठरवायची मला घाई नाही. पूल बंद केला तर वळणाचा रस्ता किती किलोमीटरचा पडेल, दुरुस्तीला निधी कोठून येईल, वरिष्ठांनी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून प्रकरण परत पाठवले आहे का, हे तुम्हाला आणि मला ठाऊक नाही. ‘चर्चा करावी’ या दोन शब्दांखाली मी फाइली वर्ष-वर्ष निजलेल्या पाहिल्या आहेत. शिवाय एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावा लागेल: पुलाचा नेमका कोणता खांब कमकुवत आहे हे जाहीर केले, तर घातपात करणाऱ्याला ते आयतेच मिळेल. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. पण त्याचे उत्तर माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातच आहे. दहाव्या कलमानुसार न देण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला देता येतो. आराखडे आणि मोजमापे झाका. ‘अवजड वाहने थांबवा’ ही शिफारस झाकण्याला सुरक्षेचे कोणते कारण आहे? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि दोन एस.टी. बस प्रवाशांसह नदीत गेल्या. तेथे घातपात करायला कोणी आले नव्हते.

आता तुमच्या मुलीचे म्हणणे. तिला माझा आशीर्वाद सांगा आणि हेही सांगा, की स्नोडेनपेक्षा तिने डॅनिएल एल्सबर्गची गोष्ट वाचावी. व्हिएतनाम युद्धाविषयी अमेरिकी सरकार आपल्याच जनतेशी खोटे बोलत आले आहे, हे दाखवणारा सुमारे सात हजार पानांचा, ४७ खंडांचा अतिगुप्त अभ्यास त्याने रात्री-रात्री बसून फोटोकॉपी यंत्रावर उतरवून घेतला. त्यातला मजकूर १३ जून १९७१ पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून येऊ लागला. सरकारने मनाईहुकूम मागितला, पण ३० जूनला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. कमी सांगितला जाणारा भाग असा, की शांततेच्या वाटाघाटींविषयीचे चार खंड एल्सबर्गने वृत्तपत्रांना दिलेच नाहीत, कारण त्यामुळे चालू बोलणी बिघडतील अशी त्याला धास्ती होती. सरकारने सरसकट सगळ्यावर शिक्का मारला होता. निवड केली ती गुपित फोडणाऱ्याने. ते करण्याआधी त्याने सिनेटरांकडे खेटे घातले होते. नंतर तो सुमारे दोन आठवडे लपून होता खरा, पण मग स्वतः अधिकाऱ्यांपुढे हजर झाला आणि ११५ वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकेल अशा आरोपांना सामोरा गेला. मे १९७३ मध्ये खटला रद्द झाला तो त्याच्या बाजूने न्याय जागा झाला म्हणून नव्हे, तर सरकारी माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी केल्याचे उघडकीला आले म्हणून. नशिबाचा भाग त्यात फार होता आणि तुमच्या मुलीने तो हिशेबात धरलेला दिसत नाही. स्नोडेनने केलेल्या गौप्यस्फोटामुळे २०१५ मध्ये अमेरिकेला फोनच्या नोंदी घाऊक गोळा करण्याचा कायदा बदलावा लागला हे खरे, पण तो स्वतः २०१३ पासून रशियात अडकलेला आहे, हेही तितकेच खरे.

गुपित फोडणारा प्रत्येक जण लोकहितासाठीच फोडतो असे मानण्याचेही कारण नाही. २०१५ मध्ये दिल्लीत पेट्रोलियम मंत्रालयातले कागद बाहेर काढून कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावरून अटका झाल्या; २०२३ मध्ये पुण्यात संरक्षण संशोधन संस्थेतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला पाकिस्तानी हस्तकाला माहिती दिल्याच्या आरोपावरून दहशतवादविरोधी पथकाने पकडले. कागद बाहेर नेण्याची कृती तीच असते. म्हणून मी तुम्हाला ‘धीर धरा आणि देऊन टाका’ असे लिहीत नाही.

मग करायचे काय? तुमच्याकडे वार्ताहर भावापेक्षा मोठे हत्यार आहे आणि ते तुम्ही २२ वर्षे रोज वापरता. ते म्हणजे टिपणी. मूळ फाइल साहेबांच्या कपाटात असेल, तर पार्ट फाइल, म्हणजे त्याच विषयाची तात्पुरती जोडफाइल उघडा, आवक क्रमांक आणि दिनांक घाला आणि विषय लेखी सादर करा. तोंडी आठवण करून दिली, तर साहेब मान डोलावतील. लेखी टिपणीखाली मात्र त्यांना काहीतरी लिहावेच लागते, आणि ‘जीवितहानी’ हा शब्द असलेल्या कागदावर ‘दप्तरी दाखल’ असे लिहून सही करताना भल्याभल्यांचे पेन अडखळते. त्यांनी टिपणी घेतलीच नाही, तर तीच त्यांच्या वरिष्ठांना, नाहीतर थेट जिल्हाधिकाऱ्यांना बंद लिफाफ्यात द्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि धोक्याच्या ठिकाणची वाहतूक रोखण्याचा अधिकार त्या प्राधिकरणाला आहे. सरकारी यंत्रणेतल्या सक्षम अधिकाऱ्यालाच कळवणे म्हणजे गुपित फोडणे नव्हे.

दुसरी वाट माहितीच्या अधिकाराची, आणि तिच्यासाठी तुम्ही पुढे येण्याची गरज नाही. त्या पुलावरून रोज जाणारा कोणीही नागरिक दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पुलाच्या गेल्या दोन वर्षांतल्या तपासणी अहवालांच्या प्रती मागू शकतो. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, एवढे पथ्य पाळावे. उत्तराची मुदत ३० दिवसांची, आणि माहिती एखाद्याच्या जीविताशी संबंधित असेल तर ४८ तासांची आहे. जनमाहिती अधिकारी हे ४८ तासांचे कलम सहजासहजी लागू करत नाहीत, म्हणून अर्जात ते स्पष्ट लिहावे. ‘गोपनीय’ म्हणून नकार आला, तर आठव्या कलमाचा दुसरा भाग दाखवावा: उघड करण्यातले लोकहित होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर १९२३ चा कायदा आड येत नाही. एका कायद्याच्या कुलपाची किल्ली दुसऱ्या कायद्याने अशी ठेवून दिली आहे आणि आपण ती फार कमी वापरतो.

संरक्षणाविषयी मात्र तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातले गैरप्रकार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. तरी पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरले, आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा गोळी घालून खून झाला. तपासात तो लुटीच्या प्रयत्नातला खून ठरला. पण त्या पत्राने उठलेल्या वादळामुळे २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त राखून तक्रार करण्याची व्यवस्था झाली. ती केंद्राच्या कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, तुमच्या राज्य कार्यालयासाठी नाही. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला खरा, पण तो अमलात आणलेलाच नाही. तुमच्यासाठी राज्याच्या लोकायुक्तांचे दार आहे, आणि ते ठोठवायचे तर हाती लेखी टिपणीची पोच हवी.

मामेभावाला अहवालाबद्दल काही सांगू नका. पण तो खरा वार्ताहर असेल, तर त्याला कागद लागणारच नाही. पूल काही कपाटात नाही. नदीचे पाणी मे महिन्यात उतरते. खाली उतरून खांबांचे पाय कोणालाही पाहता येतात, तासाभरात किती डंपर गेले ते मोजता येतात, आणि कार्यकारी अभियंत्यांना ‘शेवटची तपासणी केव्हा झाली आणि तिचा निष्कर्ष काय’ असे लेखी विचारता येते. हे त्याला आपणहून सुचेल तेव्हा सुचो. तुम्ही सुचवू नका.

आणि एवढे सगळे करूनही पावसाळा उंबऱ्यावर आला आणि डंपर थांबले नाहीत, तर? तेव्हा वकिलाला सोबत घेऊन उच्च न्यायालयाचा रस्ता धरा. राफेल प्रकरणात एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, फुटलेला कागद आहे एवढ्याच कारणावरून तो विचारात घेण्याचे टाळता येणार नाही, असे ठरवले आहे. मात्र ते संरक्षण कागदाला आहे. तो बाहेर आणणाऱ्याला ते आपोआप मिळत नाही, एवढे ध्यानात असू द्या. त्यानंतरही तुम्हाला तो फोटो पाठवावासा वाटला, तर मी तुम्हाला दोष देणार नाही. पण तेव्हा आधीची सगळी दारे ठोठावल्याची पोच तुमच्या पिशवीत असली पाहिजे, कारण चौकशी अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतील.

सोमवारी कार्यालयात गेल्यावर लिहायच्या टिपणीचा मसुदा देत आहे. रिकाम्या जागा तुम्ही भराच, आणि एक प्रत आवक-जावक नोंदवहीतल्या क्रमांकासह स्वतःकडे ठेवा.

“विषय: … नदीवरील पुलाचा तपासणी अहवाल. उपरोक्त विषयाबाबत सविनय सादर करण्यात येते की, सदर अहवाल या कार्यालयास दिनांक … रोजी प्राप्त झाला असून, त्यातील शिफारस क्रमांक … अन्वये पुलावरील अवजड वाहतूक तातडीने थांबवणे आवश्यक असल्याचे नमूद आहे. सदर बाब संभाव्य जीवितहानीशी निगडित असल्याने व पावसाळा तोंडावर असल्याने, (१) वाहतूक निर्बंधाबाबत मा. जिल्हाधिकारी यांना तत्काळ कळवावे किंवा कसे, (२) अहवालावरील ‘गोपनीय’ हे वर्गीकरण कोणत्या कारणास्तव कायम ठेवावे, याबाबत आदेश व्हावेत. आदेशार्थ सादर.”